चिमटीतला शेंदूर

७ जुलै
पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कधी दुखतं, काय खाल्लं, सगळं लिहून आणा." म्हणून ही वही. मी शाळेत शिकवायचे तेव्हाची उरलेली आहे, पहिल्या चार पानांवर सातवी ब ची हजेरी. पो. म्हणजे पोट, हा. म्हणजे उजवा हात. पुरतं नाव लिहावं एवढा मान दोघांनाही द्यायचा नाही.
पो. साडेदहाला. बेंबीभोवती पीळ, ओलं धुणं पिळावं तसा. खाल्लं : पोहे, चहा. हा. सकाळपासून जड. अंगठा आणि शेजारची दोन बोटं माझी वाटत नाहीत.

९ जुलै
पो. नाही. हा. तसाच. खंडेराव मार्केटात भेंडीचं टोक मोडून बघत होते. मोडलं की नाही ते बोटांना कळेना. भाजीवाली म्हणाली, "बेन, आखी टोपली तोडी नाखशो के?" बघते तर सात-आठ भेंड्यांचे तुकडे. घेतले सगळे. घरी आल्यावर हे म्हणाले, चिरायचं काम वाचलं.

१२ जुलै
दुपारी डोळा लागला. स्वप्नात हात उशीखालून निघून स्वयंपाकघरात गेला, डब्यांची झाकणं घट्ट केली आणि परत आला. जाग आली तेव्हा उशीखालीच होता, गार. डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. पाहुणा आल्यासारखे दोघं बसलो.

१५ जुलै
गावात, म्हणजे जुन्या बडोद्यात, अण्णांकडे. आमच्या वासण्याहून रिक्षाने जाताना पो. नव्हतं, बरं वाटलं. अण्णा ब्याऐंशीचे. शाळेत मला चित्रकला शिकवली त्यांनी, मग रांगोळीही. व्यक्तिचित्रं काढायची ती रांगोळी, दारातली नव्हे. काचबिंदूने डावा डोळा गेला. "उजव्यात आता टिकलीएवढी खिडकी उरलीय," म्हणाले. "तुला काय दाखवायचं ते या दिवाळीत दाखव. पुढच्या वर्षीचं काय सांगू नये."
मी कबूल केलं होतंच. या दिवाळीच्या प्रदर्शनात अण्णांचा चेहरा. पाच फूट बाय सहा. जुना फोटो आहे, गच्चीत उन्हाला पाठ करून उभे आहेत, उजवा कान उन्हाने आरपार लाल झालाय. अण्णांचंच वाक्य : कान जमला की माणूस जिवंत. आणि तो कान भरायला अण्णांचाच शेंदूर. पाणीगेटच्या एका जुन्या दुकानातून त्यांनी तरुणपणी आणलेला, बिस्किटाचा मोठा डबा भरून. ते दुकानही आता नाही. गेल्या भाऊबीजेला डबा माझ्या हातात दिला. चार शिष्य असताना मला दिला. त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते, आनंदाने.
निघताना खिशातला ओवा दिला चिमूटभर. "पोटाला बरा." त्यांच्या खिशात ओवा नेहमी असतोच.
पोटाचं नि हाताचं काहीच त्यांना सांगितलं नाही.

१६ जुलै
पो. दोनदा. ओव्याने काही नाही.

२१ जुलै
आज चाळणं. पुढच्या खोलीची खिडकी बंद, दार बंद, पंखा बंद, फटीला जुनं पातळ. वाऱ्याची झुळूक आली तर तासाची मेहनत भिंतीवर. पांढरी भुकटी, त्यात शेंदूर थोडा थोडा, मलमलीतून तीनदा. नऊ छटा केल्या. खिडकीच्या भोकातून उन्हाची एक काठी आत येते, तिच्यात नारिंगी धूळ वर जाते, खाली येते. घटकाभर नुसती बघत बसले. देवाच्या घरी असाच उजेड असणार.
शेवटी अण्णांची परीक्षा. चेहऱ्याची रांगोळी किती बारीक हवी, तर चिमूट पुढच्या दातांत धरायची. करकर लागली तर परत चाळायची. गप्प बसली तर झाली. आम्ही सगळे शिष्य असंच करतो. बाहेरच्या कुणाला ही युक्ती सांगत नाही. नवव्या छटेला चार वेळा चाळावं लागलं.

२२ जुलै
पो. पो. पो. दिवसभर. कोकिळाबेन शेजारून खिचडी घेऊन आल्या. "भाभी, नजर लागी छे तमने." मिठाने दृष्ट काढली. मी हसले, पण काढू दिली.

३० जुलै
दुर्बीण घशातून. अल्सर नाही. सोनोग्राफी झाली, खडे नाहीत. पोटाच्या डॉक्टरांनी वही उघडलीही नाही. "गॅस आहे. टेन्शन घेता का?" म्हटलं, घ्यायला लागेन आता.

४ ऑगस्ट
हाडांचे डॉक्टर. मानेचा फोटो. मणके थोडे झिजलेत. गळपट्टा दिला. घातला की मान वळत नाही, सगळ्यांकडे अख्खी वळून बघते. हे म्हणतात, संस्थानी थाट आलाय.
विचारलं, मानेचा नि पोटाचा काय संबंध? म्हणाले, पोट माझ्याकडे येत नाही. ते दुसरीकडे.

११ ऑगस्ट
हा. वाईट. चिमटीतून रेघ सोडून बघितली. रेघ सुटते, पण केव्हा सुटली ते मला कळत नाही. रांगोळी डोळ्यांनी नाही काढत कोणी. बोटांत दाणे सरकतात, ते मोजत बोटं चालतात. तीस वर्षं ती कुजबूज ऐकली मी. आता बोटांत सामसूम.
भीती वाटते. आज पहिल्यांदा लिहिलं.

१२ ऑगस्ट
हे रात्रपाळीहून आले आणि नाश्ता न करता वही घेऊन बसले. रिफायनरीत तीस वर्षं काट्यांच्या नोंदी ठेवलेला माणूस. म्हणाले, "वसू, यात खाणं लिहिलंस, काम कुठंय? काय केलंस तेही लिही रोज. बिघाड कुठंय ते नोंदीत दिसतं, फक्त आधी नोंद पाहिजे."
बरं. केलं : धुणं, दळण, कोकिळाबेनशी गप्पा.

१९ ऑगस्ट
केलं : चाळणं, काळ्या छटा. पो. नाही.

२६ ऑगस्ट
केलं : २४ ला चाळणं, कातडीच्या छटा, शेंदूर टाकून. २५ ला पो. फार. इंजेक्शन घ्यावं लागलं. का ते कळत नाही. नोंद फक्त.

५ सप्टेंबर
नाशिकला मीनलकडे, गणपतीसाठी. लेकीने पाट मांडला, "आई, दारात रांगोळी तू." हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, तूच काढ, मी बघते. तिला खटकलं.

१६ सप्टेंबर
नाशकात अकरा दिवस. पो. एकदाही नाही. मोदक, आमटी, तळण, सगळं खाल्लं. लेक म्हणाली, "तुला बाबांचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही." हसून हसून खरंच पोट दुखलं, ते मोजत नाही. हा. तसाच.

१८ सप्टेंबर
बडोदे. फोनवर सगळं ऐकून यांनी निष्कर्ष काढून ठेवला होता. "बाहेर गेलं की दुखत नाही, म्हणजे दोष घरात. पाणी. बोअरचं पाणी." आता पिण्याचं पाणी गावातून कॅनमध्ये. हे स्कूटरवर पायांत कॅन ठेवून आणतात, गुडघे बाहेर काढून. मला त्यांची दया येते आणि हसूही. कोकिळाबेनना विचारलं, तुम्ही तेच पाणी पिता, तुम्हांला काही होत नाही? "मने शुं थाय? हूं तो पथ्थर पचावुं."

२७ सप्टेंबर
गावचं पाणी नऊ दिवस. केलं : काल शेंदराचं चाळणं. पो. आज. पाणी गेलं यादीतून. यांनी नोंद केली आणि कॅन बागेला ओतला, रागाने.

३ ऑक्टोबर
नवीन डॉक्टरबेन, तरुण, बोलतात कमी. दोन्ही डॉक्टरांचे कागद एकत्र मांडले त्यांनी. आजवर कोणी मांडले नव्हते. रक्त कमी आहे म्हणाल्या. मनगट वर उचलायला सांगितलं, उचलत होते पण खाली ढळत होतं. मग ओठ खाली ओढून हिरड्यांवर बॅटरी मारली. बराच वेळ बघितलं.
"बॅटरीच्या कारखान्यात काम करता?"
"नाही."
"छापखाना? रंगकाम?"
"नाही हो. मी घरीच असते."
"मिस्टर?"
हे म्हणाले, "रिफायनरीत. पण मी ठणठणीत आहे."
त्यांनी काहीतरी लिहिलं. "घरीच असता," असं स्वतःशी म्हणाल्या. परत येताना मी यांना म्हटलं, हुशार वाटली, पण भलतंच विचारत होती.

४ ऑक्टोबर
कानासाठी शेवटची छटा. सगळ्यांत लाल. खिडकी बंद, पंखा बंद. उन्हाची काठी, धूळ. चाळलं. चिमूट उचलली, दातांत धरली.
आणि तशीच बसले.
मी घरीच असते. रंगकाम करत नाही. ही लाल चिमूट जी दातांत धरते, तीच मी त्या मुलीला काल हे सांगून आले.
किती वेळ बसले माहीत नाही. धूळ खाली बसली तेव्हा उठले आणि चूळ भरली. दहा वेळा. वॉशबेसिन नारिंगी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हे वहीतून तांबड्या पेन्सिलीने गेले. जिथे शेंदराचं चाळणं, तिथून एक-दोन दिवसांत पो. काळ्या छटांना नाही. नाशकात नाही. भाऊबीजेला डबा आला, माघात पहिल्यांदा दुखलं. पेन्सिल कानावर ठेवली आणि डबा गच्चीत नेऊन ठेवला. मी म्हटलं, अहो, तिथे दव पडेल. तेव्हा चिडले. चौतीस वर्षांत असे चिडलेले दोनदाच पाहिले.

६ ऑक्टोबर
डॉक्टरबेनना सांगितलं. दातांची परीक्षासुद्धा. त्यांनी पेन खाली ठेवलं. शेंदरात शिसं असतं, बॅटरीत नि रंगांत असतं तेच, म्हणाल्या, जुन्या शेंदरात तर असतंच. रक्त मुंबईला जाणार, रिपोर्टला वेळ लागेल. "तोवर तो रंग घरात नको. खोली ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका." मी विचारलं, म्हणजे हेच कारण? "असावं. रिपोर्टशिवाय मी बोलत नाही. मानेचंही थोडं आहे तुमचं. हात किती परत येईल, ते हातच सांगेल."

८ ऑक्टोबर
नवरात्र. कॉलनीत दुपारीच माइक लावून बघतात. खाटेवर पडून ऐकते. पो. थोडं. मनात दुसरंच. अण्णांचा उजवा हात. साठीच्या आत त्यांनी रांगोळी सोडली. पंजा मनगटातून ढळायचा, फुलाचं देठ मोडल्यासारखा. आम्ही शिष्य काय म्हणायचो? साधनेत हात झिजवला अण्णांनी. केवढ्या अभिमानाने. आणि तो ओवा. आयुष्यभर खिशात ओवा. त्यांनी डबा मला दिला आणि त्यांचं दुखणंही दिलं, दोन्ही प्रेमाने. त्यांना ठाऊक असेल? नसणारच. असलं तर?
कसं सांगू? आणि नाही सांगितलं तर बाकीचे तिघे शिष्य आहेत, त्यांनी वाटीवाटीने नेलाय.

९ ऑक्टोबर
तिघांना फोन. दोघं घाबरले. तिसरा म्हणाला, "ताई, इतकी वर्षं अण्णा खातायत, ब्याऐंशीचे झाले की." फेकून दे, एवढंच म्हटलं.
अण्णांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी म्हटलं, तब्येत कशी आहे? म्हणाले, खिडकी अजून उघडी आहे, लवकर कर. सांगितलं नाही. भित्री मी.

१५ ऑक्टोबर
कॉलनीत नवीन बांधकाम आहे. तिथून फुटक्या विटा आणल्या. कुटायला कोकिळाबेन, तोंडाला ओला रुमाल बांधून. "डाकू जेवी लागुं छुं ने?" खरंच डाकूसारख्या दिसत होत्या. विटेची पूड मातकट, मेलेली. हळद-चुन्याचं घरचं कुंकू थोडं मिसळलं. जरा जागी झाली. शेंदूर नव्हे. शेंदूर आतून पेटतो. ही बाहेरून तापलेली दिसते.
बारीक झाली की नाही बघायला चिमूट वर गेली आपोआप. कोकिळाबेन ओरडल्या. दोन बोटांत चोळून बघावं तर बोटं मुकी. शेवटी डाव्या हाताच्या बोटांना विचारलं. त्यांनी सांगितलं, अजून एकदा चाळ.

२६ ऑक्टोबर
प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पहिला दिवस. पंखे बंद, घामाची धार. तोंडाला रुमाल. उजव्याचं मनगट डाव्या हाताने धरून रेघा सोडते. लहान मुलाचा हात धरून गिरवतात तसं, फक्त दोन्ही हात माझेच. हे शेजारी टेबललँप धरून उकिडवे. रजा टाकलीय. कपाळ झालं.

२९ ऑक्टोबर
डोळे झाले. मिटलेलेच केले. फोटोत उघडे आहेत. का केलं सांगता येत नाही.
पो. सतरा दिवस नाही. लिहायला विसरत होते, यांनी मोजून सांगितलं.

३० ऑक्टोबर
कान. सकाळी नऊ ते दुपारी तीन. एकदा बरीच पूड सांडली, ती स्ट्रॉने फुंकून फुंकून उडवली. झाल्यावर खुर्चीवर बसून झोपलेच. स्वप्नात कान एवढा मोठा, त्याच्या पातळ कडेतून ऊन येतंय आणि मी पलीकडे उभी. कोणीतरी विचारतंय, ऐकू येतं का? मी म्हणते, येतं, पण काय ते कळत नाही.

१ नोव्हेंबर
अण्णा आले. खुर्ची दोरीजवळ ठेवली. ते उठले, दोरी ओलांडून वाकले. संयोजक धावले, मी म्हटलं राहू द्या. त्यांची ती टिकलीएवढी खिडकी चेहऱ्यावरून फिरत गेली. कपाळ, नाक, मिशा. डोळ्यांवर थांबली नाही. कानाशी थांबली.
"हा माझा शेंदूर नाही."
"नाही, अण्णा."
"वीट आहे."
"हो."
हॉलमध्ये लोक बोलत होते. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू :
"पोट दुखतं का तुझं?"
मला हुंदका आला. मान हलवली, ते त्यांना दिसलं नसणार. तरी कळलं. ढळलेला पंजा माझ्या डोक्यावर ठेवला, ओझ्यासारखा, आणि म्हणाले, "कान जमलाय." बस. मुलाने हात धरून नेलं त्यांना.

२ नोव्हेंबर
म्हणजे ठाऊक होतं? की तेव्हाच, त्या विटेत, त्यांना उमगलं? मला राग आलाय. अण्णांवर आयुष्यात पहिल्यांदा. आणि राग धरवत नाही.

७ नोव्हेंबर
प्रदर्शन संपलं. नेहमी मीच पुसते. ओल्या फडक्याने पुसलं, झाडलं नाही. कान शेवटी.

१९ नोव्हेंबर
रिपोर्ट. शिसं आहे, बरंच. डॉक्टरबेन म्हणाल्या, पोटाचं उत्तर मिळालं. उपचार सुरू होतील. हाताबद्दल : "थोडं यातलं, थोडं मानेचं. सहा महिने बघू." हे रस्त्यात स्कूटर थांबवून जिलबी घेऊन आले, भररस्त्यात मला भरवली. लोक बघत होते. बघू देत.
अण्णांच्या मुलाला फोन केला, त्यांचंही रक्त तपासा म्हणून. म्हणाला, ते नको म्हणतात. त्यांनी निरोप ठेवलाय : वसुधाला म्हणावं, डबा परत आण.

२३ नोव्हेंबर
डबा गच्चीतून काढला. दोन पिशव्यांत, वर चिकटपट्टी. अण्णांनी का मागितला असेल? नष्ट करायला, असं हे म्हणतात. नष्ट करायला डबा घरी कशाला मागवेल कोणी.
गेले. हे सोबत. अंगणात ऊन होतं, त्यात अण्णा बसले होते, शाल पांघरून. मी सगळं सांगितलं, एका दमात, रिपोर्टचा आकडासुद्धा. ऐकून घेतलं. म्हणाले, "माझे गुरुजीही ओवा खायचे." मग, "उघड. एकदा बघू दे. खिडकी मिटत चाललीय."
म्हटलं, लांबून. पट्टी काढली. झाकण निघेना, यांनी काढलं. उन्हात तो रंग. अण्णांचा चेहरा असा झाला, की तो चितारायला हवा होता आणि मी बंद डोळे काढून बसले. हात आत गेला. मी बघतच राहिले. त्या ढळलेल्या हाताला इतकी नेमकी चिमूट कशी उचलता आली? अंगठ्यावर घोळवली, दाणे मोजल्यासारखी, आणि सवयीने, की जाणून, वर न्यायला लागले. दातांकडे.
मी झडप घातली. डाव्या हाताने घालायची, पण पुढे गेला उजवाच. मनगट पकडलं त्यांचं, घट्ट. शेंदूर सांडला, शालीवर, माझ्या पायावर. दोघंही तसेच. अण्णा ओढत नव्हते, मी सोडत नव्हते. त्यांच्या मनगटात काहीतरी हललं, माझ्या अंगठ्याखाली. बारीक, थांबून थांबून, दाणे सरकल्यासारखं.
"काय गं?" अण्णा म्हणाले.
"थांबा," म्हटलं. "जरा थांबा. हलू नका."
त्यांची नाडी लागली, की मलाच वाटलं? अजून सांगता येत नाही. यांनी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.
हा. : जागा रिकामी ठेवते.